किडनी ज्या द्रावातून आली त्यात जंतू निघाले – कोणाला अनुभव आहे का?

सुलभा_ऐरोली
रविवार, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे बागकाम आणि लोणच्यांच्या धाग्यांवर असते. आज वेगळ्याच कारणाने लिहितेय.

माझा धाकटा भाऊ, वय ४१, साडेपाच वर्षं डायलिसिसवर होता. आईबाबांचं वय झालंय, मला शुगर, वहिनीचा रक्तगट जुळत नाही. म्हणून नाव कॅडेव्हर लिस्टवर, म्हणजे मृत दात्याच्या किडनीसाठीच्या प्रतीक्षायादीवर. बुधवारी रात्री पावणेदोनला कॉल आला, "काही खाऊ नका, असाल तसे निघा." याआधी दोनदा असंच बोलावून परत पाठवलं होतं. एकदा क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली (म्हणजे दात्याशी रक्ताची जुळणी झाली नाही) म्हणून, एकदा पहिल्या नंबरच्या पेशंटलाच लागली म्हणून. त्यामुळे निघताना वहिनीने सकाळच्या डब्याची कणीकसुद्धा मळून ठेवली होती. या वेळी मात्र लागली. मुंबईतल्या एका रुग्णालयातून किडनीची पेटी आली आणि गुरुवारी दुपारी ऑपरेशन झालं. लघवी टेबलावरच सुरू झाली. क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसेल तर रक्तात वाढणारा घटक) ९ वरून आज २.४ वर आलंय. आम्ही सगळे हवेत.

आज राउंडला डॉक्टर जाता जाता म्हणाले, "प्रिझर्वेशन फ्लुइडच्या कल्चरला ग्रोथ आहे, अँटिबायोटिक बदलतोय," आणि पुढच्या बेडकडे गेले. वहिनीने ज्युनिअर डॉक्टरला गाठलं, तर कळलं की किडनी ज्या द्रावात ठेवून आणली त्यात बॅक्टेरिया सापडलेत. नक्की कोणते ते उद्या कळेल.

आईला हे सांगायला नको होतं, पण सांगितलं गेलं. ती तेव्हापासून एकच वाक्य बोलतेय, "नासक्या पाण्यातली किडनी लावली का माझ्या लेकराला?"

ताप नाही, तो छान बोलतोय. घाबरायचं का? आणि आधी तपासून का नाही लावली? रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका.

रोखठोक_कळवा
रविवार, रात्री ११.५८

सरळ निष्काळजीपणा आहे. लाखो रुपये घेतात आणि साधं निर्जंतुक पाणी देता येत नाही. लेखी तक्रार करा, फाइलची कॉपी आजच मागा.

पेट्रीडिश
सोमवार, सकाळी ६.१५

सुलभाताई, मी ठाण्यात एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजी बघते. रात्रपाळी संपवून लिहितेय, म्हणून थोडं लांबेल.

आधी आईंच्या प्रश्नाचं. ते 'पाणी' नासकं नव्हतं. पिशवी फोडली तेव्हा ते निर्जंतुकच असतं. ब्रेनडेड दात्याच्या महाधमनीत नळी घालून हा थंड द्राव सोडतात. अवयवांतलं रक्त धुऊन निघतं आणि अवयव आतून गार होतो. मग किडनी काढून त्याच द्रावात, एकात एक अशा निर्जंतुक पिशव्यांत घालून बर्फाच्या पेटीत ठेवतात. तापमान साधारण ४ अंश. आता त्या टेबलाभोवती कोण कोण असतं बघा. हृदय जात असेल तर त्यांची टीम, लिव्हरची टीम, किडनीची टीम, आणि सगळ्यांना घाई. पोट पूर्ण उघडलेलं, आतडं शेजारी. दाता बरेचदा कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर, लघवीला नळी, हाताला-मानेला सुया. दात्याच्या रक्तात, लघवीत, आतड्यात जे काही असेल ते या धुण्यात उतरू शकतं. काढणाऱ्यांच्या हातमोज्यांवरचं, हवेतलंही. म्हणजे कल्चरमध्ये जे उगवतं तो त्या सगळ्या प्रवासाचा हिशोब असतो, कारखान्याचा नाही.

आधी तपासून का नाही लावली, तर कल्चरला वेळ लागतो म्हणून. काही उगवलंय एवढं कळायलाच एक दिवस, नाव कळायला दुसरा, कुठल्या औषधाला दबेल हे कळायला बहुतेक तिसरा. किडनी थंडीत फार तर २४ ते ३६ तास तग धरते, लिव्हर ८ ते १२, आणि हृदय ४ ते ६ तास. रिपोर्टची वाट बघायची तर अवयव फेकावा लागेल. म्हणून हा रिपोर्ट कायम ऑपरेशननंतरच हातात येतो. जगात सगळीकडे तसंच आहे.

आणि हे दुर्मीळ अजिबात नाही. २०१८ साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून मांडले गेले, त्यात सुमारे ३७ टक्के द्रावांत काही ना काही उगवलं होतं. त्यात मोठा वाटा त्वचेवरच्या साध्या स्टॅफिलोकोकसचा, जो तुमच्या-माझ्या हातावरही आहे. प्रत्यक्ष लागण होते ती त्यातल्या थोड्यांना. पण ज्यांना होते त्यांची जोरात होऊ शकते, कारण प्रतिकारशक्ती आपण मुद्दाम पाडलेली असते.

सगळा प्रश्न 'कुठला जंतू' याचा आहे. आज ते नाव लिहून घ्या, इंग्रजी स्पेलिंगसकट. ऐकून लक्षात ठेवू नका.

चिंचगुळ
सोमवार, सकाळी ८.४०

वाचतेय. सुलभाताई, आईंना सांगा, लघवी होतेय आणि क्रिएटिनिन उतरतंय म्हणजे किडनी काम करतेय. बाकी तपशील त्यांना नकोच.

घोडबंदर_काका
सोमवार, सकाळी ९.३०

आमच्या हिचं लिव्हर ट्रान्सप्लांट होऊन चार वर्षं होतील. आमच्याही फाइलमध्ये 'फ्लुइड कल्चर पॉझिटिव्ह' असं आहे आणि ते मला सहा महिन्यांनी, विम्याचे कागद लावताना दिसलं! स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस. मी तावातावाने ओपीडीत गेलो. डॉक्टर शांतपणे म्हणाले, ऑपरेशनच्या वेळचं जे ठरलेलं अँटिबायोटिक असतं त्यातच तो संपला, वेगळं काही द्यावं लागलं नाही, म्हणून बोललो नाही. त्यांचं शास्त्र बरोबर असेल. पण सांगायला काय जात होतं? माणूस कागदावर लाल अक्षरात 'पॉझिटिव्ह' वाचतो तेव्हा त्याला काय वाटतं ते डॉक्टरला कळत नाही.

रोखठोक, तक्रार कशाची करणार? कोणाविरुद्ध?

रोखठोक_कळवा
सोमवार, सकाळी ९.४५

काका, चूक कोणाचीच नसते हे आपल्याकडचं जुनंच उत्तर आहे. ३७ टक्के म्हणजे तीनातला एक. हॉटेलात तीनातल्या एका ताटात झुरळ निघालं तर आपण 'सगळीकडे असंच असतं' म्हणू का?

पेट्रीडिश
सोमवार, सकाळी १०.१०

झुरळाची उपमा चुकतेय. पोट उघडल्यावर संपूर्ण निर्जंतुक असं काही राहत नाही. पण तुमच्या रागातला एक भाग रास्त आहे. काढताना आतड्याला चीर गेली, पिशवी नीट बांधली नाही, बाहेरच्या बर्फाचं पाणी आत झिरपलं, तर या गोष्टी टाळण्यासारख्या असतात. आतडं उघडलं गेलं असेल तर ते अवयवासोबतच्या कागदावर लिहायला हवं, म्हणजे घेणारी टीम सावध राहते. आता झोपते.

क्लीनरूम
सोमवार, दुपारी १.२०

महापे एमआयडीसीत इंजेक्शनं भरण्याच्या प्लांटमध्ये क्यूएला (गुणवत्ता विभागात) आहे, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. कारखान्याचा विषय निघालाच आहे म्हणून एक खरी घटना.

हे द्राव साधं सलाईन नव्हे. जास्त वापरातला यूडब्ल्यू, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिन सोल्यूशन, १९८०च्या दशकात बेल्झर आणि साउदर्ड यांनी बनवला. त्यात पोटॅशियम भरपूर (म्हणूनच लिव्हर जोडताना तो आधी धुऊन काढावा लागतो, नाहीतर हृदयावर येतं), शिवाय रॅफिनोजसारखी साखर, स्टार्च, ग्लुटाथायोन. दुसरा एचटीके, तो मुळात हृदयाच्या ऑपरेशनसाठी बनलेला.

मार्च २०१२ मध्ये युरोपात यूडब्ल्यूचाच एक ब्रँड, व्हायास्पॅन, परत मागवला गेला. ऑस्ट्रियातल्या कारखान्यात 'मीडिया फिल'मध्ये बॅसिलस सेरियस सापडला होता. मीडिया फिल म्हणजे त्याच लाइनवर, त्याच माणसांकडून, औषधाऐवजी जंतूंचं खाद्य असलेला रस्सा बाटल्यांत भरायचा आणि बघायचं, काही उगवतं का. उगवलं तर लाइनवर शंका. म्हणजे द्रावाच्या पिशवीत जंतू सापडले असं नव्हतं, पिशवी भरण्याच्या पद्धतीवरचा विश्वास उडाला होता. बॅसिलस सेरियस तोच, बाहेर राहिलेल्या शिळ्या भातातला. त्याचे बीजाणू चिवट असतात.

मला यातली पुढची गोष्ट विचार करायला लावते. ब्रिटनमध्ये पर्यायी द्राव लगेच सगळीकडे नव्हता. तेव्हा सांगितलं गेलं की पर्याय हाती येईपर्यंत, धोका लक्षात घेऊन, तोच वापरा. कारण द्राव नाही म्हणजे अवयव नाही. आमच्या धंद्यात शंका आली की बॅच अडकवायची हा नियम. तिथे शंकेच्या समोर एक मरणारा माणूस उभा होता.

तर रोखठोक, कारखान्यातून दूषित येणं आणि ऑपरेशनच्या टेबलावर दूषित होणं या दोन निराळ्या भानगडी आहेत. ताईंची दुसरी दिसतेय. एकाच लॉटच्या पिशव्या वापरलेल्या अनेक पेशंटमध्ये एकच विचित्र जंतू निघाला, तर पहिलीची शंका घ्यायची. म्हणून पिशवीचा लॉट नंबर नोंदलेला असायला हवा.

सुलभा_ऐरोली
सोमवार, रात्री १०.०५

सगळ्यांचे आभार. नाव मिळालं, स्पेलिंगसकट : क्लेब्सिएला न्यूमोनिए. मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू केलंय. पोटातल्या ड्रेनचं, रक्ताचं, लघवीचं कल्चर आज पाठवलं. भाऊ म्हणतो, "मला काही होत नाहीये, तुम्हीच आजारी दिसताय."

पेट्रीडिश, हे वाईट आहे का? खरं सांगा.

पेट्रीडिश
सोमवार, रात्री ११.३०

खरं सांगते. हातावरच्या स्टॅफपेक्षा गंभीर आहे. क्लेब्सिएला, ई कोलाय, स्युडोमोनास, स्टॅफिलोकोकस ऑरियस (हा त्या साध्या स्टॅफहून वेगळा) आणि कँडिडा बुरशी ही नावं आली की कोणी 'बघू' म्हणत नाही, उपचार सुरू करतात. तुमच्या डॉक्टरांनी तेच केलंय, आणि तापाची वाट न बघता केलंय.

भीती कशाची असते ते सांगते, म्हणजे पुढच्या तपासण्या का करतात ते कळेल. किडनीची धमनी जिथे भावाच्या धमनीला टाचलीय, त्या टाक्यांच्या रेषेत जंतू घर करू शकतात. तिथली भिंत पोखरली तर फुगा येतो, आणि तो फुटू शकतो. बुरशीच्या बाबतीत हे जास्त ऐकलंय. फ्रान्समध्ये १९९७ ते २००५ मधल्या किडनी ट्रान्सप्लांटचा आढावा घेतला होता, त्यात कँडिडाची अशी लागण हजारात एकाला झाली होती आणि तिचा उगम अवयव काढतानाच्या दूषणात निघाला. हजारात एक म्हणजे कमीच, पण त्यात काहींची किडनी काढावी लागली. म्हणून टाक्यांच्या जागेची डॉपलर सोनोग्राफी (रक्ताचा प्रवाह दाखवणारी) पुन्हा पुन्हा करतात. एकदा नॉर्मल आली म्हणून दुसरी टाळू नका.

उद्या सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जंतू कुठल्या औषधाला दबतो त्याचा रिपोर्ट, येईल. मेरोपेनेमसमोर 'एस' (सेन्सिटिव्ह, दबतो) असेल तर सुटलात. 'आर' (रेझिस्टंट, दबत नाही) असेल तर उरलेली औषधं महाग, किडनीला त्रासदायक आणि मोजकी. आपल्याकडच्या आयसीयूंत हा 'आर' फार दिसतो, दाता तिथे जितके दिवस राहिला तितकी शक्यता जास्त.

अजून एक. टॅक्रोलिमस (शरीराने किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेलच. उद्या कधी बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल दिलं तर त्याची रक्तातली पातळी चढते, टीबीचं रिफाम्पिसिन दिलं तर पडते. घरी गेल्यावर फॅमिली डॉक्टरने, नाक्यावरच्या केमिस्टने काहीही दिलं तरी आधी ट्रान्सप्लांट टीमला फोन.

खारघर_तीनवार
मंगळवार, पहाटे ५.२०

मी लिस्टवरचा माणूस. सोमवार-बुधवार-शुक्रवार, चार-चार तास, आता सातवं वर्ष. काल हा धागा डायलिसिसच्या खुर्चीत वाचला आणि खरं सांगू, पोटात गोळा आला. बायकोला म्हटलं, नाव काढून टाकू का?

ती म्हणाली, मानेतल्या कॅथेटरला इन्फेक्शन होऊन दोनदा थंडी भरून आली होती तेव्हा कुठला द्राव होता?

बरोबर आहे तिचं. ज्याला हे नको त्याच्यासाठी जंतूशिवायची दुसरी वाट कुठाय. पण माझा प्रश्न वेगळा आहे. दात्याच्या दोन किडन्या निघाल्या असतील. दुसरी कोणाला तरी लागली, बहुतेक दुसऱ्या रुग्णालयात. लिव्हरही गेलं असेल. त्या रुग्णालयाने द्रावाचं कल्चर केलंच नसेल तर? त्या माणसाला आज कोण सांगणार?

घोडबंदर_काका
मंगळवार, सकाळी ७.५०

तीनवार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रोखठोक_कळवा
मंगळवार, सकाळी ८.१५

माझ्याही. तक्रारीचं राहू द्या. आधी हे विचारा.

पेट्रीडिश
मंगळवार, सकाळी ९.००

सुलभाताई, ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला विचारा. मुंबई, ठाणे, नवी मुंबईतलं वाटप सायनच्या झेडटीसीसी या अवयव वाटप समन्वय संस्थेमार्फत होतं, कुठला अवयव कुठे गेला याची नोंद त्यांच्याकडे असते. दाता किंवा दुसरा पेशंट कोण हे तुम्हाला कळणार नाही आणि कळूही नये. पण 'आमच्याकडे हे उगवलं' हा निरोप तिकडे जायला नाव लागत नाही. उलट बाजूनेही तसंच. दात्याच्या रुग्णालयात त्याचं रक्त-लघवीचं कल्चर आधीच पाठवलेलं असतं, त्याचा रिपोर्ट दाता गेल्यावर येतो. तो कोणीतरी मागून घ्यावा लागतो. माणूस गेला की त्याच्या रिपोर्टकडे बघायला कोणी उरत नाही.

प्रत्येक केंद्र द्रावाचं कल्चर करतंच असं नाही. आणि केलं तरी कसं, हाही प्रश्न आहे. सिरिंजभर द्राव प्लेटवर फिरवला तर बरेचदा काही दिसत नाही. भरपूर घेऊन रक्ताच्या कल्चर बॉटलमध्ये टाकला तर जास्त सापडतं.

सुलभा_ऐरोली
मंगळवार, रात्री ९.४०

मेरोपेनेमसमोर 'एस'!! मी कॉरिडॉरमध्येच रडले. सेफ्ट्रियाक्झोनला रेझिस्टंट आहे, म्हणजे आधीचं औषध चालू ठेवलं असतं तर उपयोग झाला नसता. ड्रेन आणि रक्तात अजून काही उगवलेलं नाही. एकूण दोन आठवडे इंजेक्शन देणार.

कोऑर्डिनेटर बाईंना दुसऱ्या किडनीचं विचारलं. त्या दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नातेवाईकांनी हे पहिल्यांदाच विचारलं. कळवलंय, काल संध्याकाळीच." पुढे काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

राउंडच्या डॉक्टरांनाही आज थांबवलं. म्हटलं, दोन मिनिटं बसून सांगा. बसले, चांगलं सांगितलं. म्हणाले, सकाळी वीस पेशंट असतात, चालता चालता बोललं जातं. राग गेला असं नाही, पण कळलं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्या दुसऱ्यालाही तेच औषध मिळालं ना?" मी हो म्हटलं. खरं म्हणजे मला माहीत नाही.

क्लीनरूम
मंगळवार, रात्री १०.३०

ताई, मस्त बातमी.

सुलभा_ऐरोली
शनिवार, दुपारी ४.१०

धागा वर आणतेय, कारण दोन-तीन जणांनी व्यनि करून विचारलं. पाच आठवडे झाले. इंजेक्शनं संपली, मधली सगळी कल्चर कोरी. डॉपलर तीनदा झाली, टाक्यांची जागा ठीक. काल स्टेंट (ऑपरेशनच्या वेळी मूत्रवाहिनीत ठेवलेली तात्पुरती नळी) काढला. क्रिएटिनिन १.३. भाऊ रोज गच्चीत चालतो, मास्क लावून, आणि रात्री नऊच्या टॅक्रोलिमसचा अलार्म इतका कर्कश लावलाय की शेजारचे घड्याळ जुळवतात.

आता भांडण फक्त शहाळ्यावरून. आईला वाटतं आजारी माणसाला शहाळं द्यायलाच हवं, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, त्याचं आधीच ५.४, म्हणजे जास्त. डायलिसिसची साडेपाच वर्षं तिने त्याला शहाळं दिलं नाही, आता 'नवी किडनी आहे ना' म्हणून दर रविवारी सेक्टर आठच्या कोपऱ्यावरून दोन घेऊन येते. टॅक्रोलिमसनेही पोटॅशियम वाढतं हे तिला पटत नाही. दोन्ही मीच पिते.

खारघर_तीनवार
शनिवार, संध्याकाळी ७.००

छान वाटलं वाचून.

मला गुरुवारी रात्री कॉल आला होता. दोन नंबरला होतो. पहाटे चारपर्यंत बसवलं, मग पहिल्यालाच लागली. बसल्या बसल्या तिथल्या कोऑर्डिनेटर मुलीला विचारलं, तुमच्याकडे द्रावाचं कल्चर करतात का, आणि रिपोर्ट कोण बघतं. तिने हो म्हटलं आणि कोण बघतं त्या डॉक्टरांचं नावही सांगितलं. ते नाव फाइलच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय. शुक्रवारी सहाच्या शिफ्टला खुर्चीवर हजर होतो.